अमेरिकन साहित्य, मुक्काम हॅमिल्टन

हॅमिल्टनमधल्या मराठी लोकांच्या गणपतीत नवीन कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, "पुण्यात कुठे?" आणि दुसरा, "इथे काय करता?" दुसऱ्या प्रश्नाला मी खरं उत्तर द्यायचे. "युनिव्हर्सिटीत अमेरिकन साहित्य शिकवते. त्यातल्या चळवळी." समोरच्याचा खिचडीचा चमचा अर्ध्यावर थांबायचा. आमच्याकडे बहुतेक सगळे आयटीत, नाहीतर दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांतल्या एकाने अगदी मनापासून विचारलं होतं, "म्हणजे पुण्याची बाई न्यूझीलंडच्या पोरांना अमेरिकेबद्दल शिकवते? आणि याचा पगार मिळतो?" मिळायचा. आणि मी ते काम चांगलं करायचे, हेही आत्ताच सांगून टाकते. निवृत्तीनंतर विनय शिकायचा माझा विचार नाही.

२०११ साली माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, इथे डेअरीच्या यंत्रांची नोकरी मिळाली आणि आम्ही आलो. मुलगी इरा तेव्हा आठ वर्षांची होती. पुण्यात मी बावीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं होतं, पण इथे मला शून्यापासून सुरुवात करावी लागली. मी ट्यूटर झाले. ट्यूटर म्हणजे कोण, ते सांगते. मोठ्या हॉलमध्ये उभं राहून दीडशे मुलांना व्याख्यान देतो तो लेक्चरर. मग त्या मुलांचे पंधरा-पंधराचे गट करून त्यांना टेबलाभोवती बसवायचं, बोलतं करायचं, आणि शेवटी त्यांचे निबंध तपासायचे, हे काम ट्यूटरचं. मान लेक्चररला, निबंधांचा गठ्ठा ट्यूटरला.

अमेरिकन साहित्याचा इतिहास समजायला अवघड नाही. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीवर वैतागते, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. आधी प्युरिटन आले. देवाला भिऊन जगायचं आणि त्याच भीतीने रोजनिश्या आणि प्रवचनं लिहायची. त्यांच्या नातवंडांना देवापेक्षा बुद्धी बरी वाटली आणि त्यांनी स्वातंत्र्याची पत्रकं काढली. पुढच्यांना नुसत्या बुद्धीचा कंटाळा आला. ते रोमँटिक. ते जंगलात शिरले, अंधारात शिरले, स्वतःच्या मनात शिरले. मग यादवी युद्ध झालं, घराघरांतली माणसं मेली आणि असल्या स्वप्नांचा वीट आला. तेव्हा रिॲलिझम आला, म्हणजे बाजार, स्वयंपाकघर, साधी माणसं आणि त्यांची बोली. त्याच्या मागोमाग आलेल्या नॅचरलिझमने सांगितलं की माणसाच्या हातात काही नाही, परिस्थिती त्याला नाचवते. पहिल्या महायुद्धानंतर मॉडर्निस्टांनी गोष्ट फोडून तिचे तुकडे वाचकापुढे ठेवले. त्याच सुमाराला न्यूयॉर्कमधल्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय लेखकांनी आपलं जगणं आपल्या आवाजात सांगायला घेतलं. पुढे बीट मंडळी घर सोडून रस्त्याला लागली, आणि पोस्टमॉडर्न लोक म्हणाले, गोष्ट काय, सत्य काय, सगळं जरा जपूनच घ्या.

पुण्यात मी हे सगळं एका तक्त्यात बसवलं होतं. नऊ खण, प्रत्येक खणात सालं आणि खाली पाच वैशिष्ट्यं. मी डिक्टेट करायचे आणि वर्ग लिहून घ्यायचा. स्वल्पविरामसुद्धा सांगायचे. परीक्षेत माझंच वाक्य शब्दशः उतरलं की त्या मुलीला चांगले मार्क मिळायचे, कारण तिने अभ्यास केलाय हे उघड होतं. मॅडमचे शब्द बदलणं हा आगाऊपणा समजला जायचा. चिठ्ठीवरून उतरवलं तर मात्र खैर नव्हती. कॉपी पकडण्यात माझा कुणी हात धरू शकत नव्हतं. परीक्षेला मी वर्गात शिरले की कंपासपेट्यांची झाकणं आपोआप बंद व्हायची.

हॅमिल्टनला आल्यावर पहिल्याच महिन्यात तो तक्ता मी भिंतीवर लावला, आणि एका मुलाने विचारलं, हे खण कुणी ठरवले? इथली मुलं आधी शंका काढतात, पुस्तक मागाहून उघडतात. मरे नावाचा एक चाळिशीचा गृहस्थ होता, स्वतःच्या दोनशे गायी असलेला. तो पहाटे दूध काढताना कानात यंत्र घालून पुस्तकं ऐकायचा. रोमँटिक निसर्गवर्णनाचं एक सुंदर पान मी वर्गात वाचून दाखवलं, तर म्हणाला, "या माणसाला पावसात कुंपण दुरुस्त करावं लागलेलं नाही, एवढं नक्की." जुलै-ऑगस्टमध्ये निबंध आठ दिवस उशिरा चालेल का, अशी ईमेल यायची आणि कारण असायचं, गायी व्यायल्या आहेत. पहिल्या वर्षी मला ती थाप वाटली. श्रीकांतने सांगितलं की वायकाटोत, म्हणजे आमच्या या गायींच्या मुलखात, या दिवसांत दुसरं कारणच नसतं. त्यानंतर गायीच्या नावावर मी कुणालाही मुदत द्यायला लागले.

अशी पाच वर्षं गेली. २०१६ साली आमच्या विषयाची प्रमुख रॉबिन मला म्हणाली, "पुढच्या वर्षी मी रजेवर आहे. अमेरिकनची सगळी लेक्चर्स तू घेशील का? वरून मंजुरी यायचीय, पण मी तुझं नाव सुचवलंय." पाच वर्षं मी याचीच वाट पाहत होते. त्या दिवशी गाडी घरापर्यंत कशी आणली, आठवत नाही.

त्याच वर्षी माझ्या गटात वैशाली आली. बार्शीची, तिशीतली. बिझनेसचा डिप्लोमा करायला ऑकलंडला आली होती, नंतर लग्न करून हॅमिल्टनला स्थिरावली आणि एका रेस्ट होममध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करत होती. तिला शाळेत इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी आधी इथली बीए हवी, म्हणून नोकरी सांभाळून एकेक विषय करत होती. वर्गात पहिल्या खुर्चीवर बसायची, तोंडातून अवाक्षर नाही, पण मी खोकले तरी लिहून घेईल अशी. बाहेर भेटली की मराठीत बोलायची. "मॅडम, तुम्ही आहात म्हणून मी हा विषय घेतला. नाहीतर माझी छाती झाली नसती."

ऑगस्टमध्ये निबंध आले. विषय होता रोमँटिक काळाकडून रिॲलिझमकडे जाण्याचा प्रवास. इथे निबंध कॉम्प्युटरवर जमा होतात, आणि आपण वाचायच्या आधीच एक प्रोग्राम ते तपासतो. दुसरीकडे कुठे तेच वाक्य सापडलं की लाल रंग देतो. वैशालीचा निबंध उघडला तर पानंच्या पानं लाल. माझ्यापुढे अजून चाळीस निबंध होते. पहिला परिच्छेद वाचला, त्यात नुसती सालं होती. मूळ वाक्यं कुठली, ती लिंकसुद्धा मी उघडली नाही. नियमाप्रमाणे फॉर्म भरला, कारणाच्या रकान्यात लिहिलं की बहुतांश मजकूर चोरलेला आहे, आणि पाठवून दिला. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. वाईट वाटलं, पण आपली मराठी मुलगी म्हणून सोडलं नाही याचं समाधानही वाटलं. खोटं कशाला बोलू.

तीन दिवसांनी वैशालीचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"मॅडम, मला युनिव्हर्सिटीचं लेटर आलंय. मी कॉपी केली म्हणे. मीटिंगला बोलावलंय. कुणीतरी कंप्लेंट केलीय."

पत्रात तक्रार करणाऱ्याचं नाव नसतं. मीही ते सांगितलं नाही.

"हे रजिस्टरमध्ये गेलं तर टीचर ट्रेनिंगला मला घेणारच नाहीत, मॅडम. मी विचारून घेतलं. तिकडे कॅरेक्टर बघतात. सहा वर्षं थांबलेय मी यासाठी." मग थोडं थांबून म्हणाली, "मीटिंगला सपोर्ट पर्सन आणता येतो असं लिहिलंय. तुम्ही याल का माझ्याबरोबर? आपलं माणूस असलं की धीर येतो."

मी विचारलं, "वैशाली, पण तू केलंस काय नेमकं?"

"नोट्स पाठ केल्या हो. नेटवर मिळाल्या, पुण्याच्या कुठल्यातरी एमएच्या. इतक्या सुंदर आहेत की एक शब्द बदलायला जीव होईना. पुस्तक उघडं ठेवून नाही लिहिलं, मॅडम. शपथेवर सांगते. सगळं पाठ करून लिहिलं."

मी उद्या कळवते म्हणून फोन ठेवला आणि ती लिंक उघडली. परीक्षेच्या नोट्स फुकट देणारी वेबसाइट होती. नाव कुणाचंच नव्हतं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी मोठ्याने वाचायला लागले, आणि एका वाक्यापाशी आले. मूळ इंग्रजी, पण त्याचा अर्थ असा: रोमँटिक लेखकांनी अमेरिकेकडे डोंगरमाथ्यावरून पाहिलं, रिॲलिझम डोंगर उतरला आणि स्वयंपाकघराच्या दाराने आत आला.

इरा टेबलाशी टोस्ट खात होती. तेरा वर्षांची झाली होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. "आई, व्हाय आर यू रीडिंग युवर ओन स्टफ?"

"हे माझं नाही गं. वेबसाइट आहे."

"नो वे. इट्स हीप्स लाइक यू. ते डोंगर आणि किचन तू जेवतानापण सांगतेस."

मी खुर्चीत बसले. खाली वाचत गेले तसतशी ओळख पटत गेली. नऊ खण, प्रत्येकी पाच वैशिष्ट्यं. हार्लेमला मी नेहमी घाईत दोनच ओळी द्यायचे, इथेही दोनच होत्या. पुण्यातल्या कुठल्यातरी गुणी विद्यार्थिनीने माझं डिक्टेशन टाइप करून जगासाठी ठेवलं होतं. आणि पूर्ण खरं सांगायचं तर डोंगराचं ते वाक्यही संपूर्ण माझं नव्हतं. डोंगर मला शिकवणाऱ्या सरांचा होता, स्वयंपाकघर मी जोडलं होतं. सरांनी तो कुठून आणला, ते सर गेल्यामुळे आता कळायचं नाही.

गप्प बसायला काहीच हरकत नव्हती. वेबसाइटवर माझं नाव नव्हतं. वैशालीला माहीत नव्हतं. लेक्चर्सची मंजुरी यायची होती, आणि ज्या बाईच्या नोट्स कॉपीच्या प्रकरणात सापडल्या तिला व्याख्यानाला उभं करायला कोण तयार होणार? श्रीकांत म्हणाला, "तू चोरी केलेली नाहीस. तिने केलीय. नियम तिला लागू आहे." इंजिनियरच्या हिशेबाने त्याचं बरोबर होतं. पण त्या मुलीने नेमकं तेच केलं होतं, ज्यासाठी मी बावीस वर्षं मार्क देत आले होते, आणि तेही निबंध न वाचता मी तिला चोर ठरवलं होतं. लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात क्वचित वाटली आहे.

दुसऱ्या दिवशी मी रेस्ट होमच्या पार्किंगमध्ये जाऊन थांबले. तिची ड्यूटी संपल्यावर गाडीत बसवून सांगितलं. "तक्रार मी केली. आणि त्या नोट्सही माझ्याच आहेत."

ती रडली नाही, चिडली नाही. मग म्हणाली, "मग मॅडम, मी चोरी कुणाची केली?"

मी म्हणाले, "मीटिंगला मी येते. तुझ्या बाजूने."

मीटिंगला रॉबिन होती आणि समितीचे अध्यक्ष होते. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, ऑगस्टच्या थंडीतही हाफ पँटमध्ये. किया ओरा, म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणून त्यांनी चहा पुढे केला. मी चहा बाजूला ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. आमच्याकडे वर्ग कसा चालतो, डिक्टेशन म्हणजे काय, शब्दशः उतरवणं हा अभ्यासाचा पुरावा कसा मानतात, ते सांगितलं. त्या नोट्स माझ्या आहेत आणि तक्रार करण्याआधी मी निबंध वाचला नव्हता, हेही सांगितलं. रॉबिनने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे ती ज्या नजरेने बघत होती, त्यावरून लेक्चर्स गेली असं मी धरून चालले.

अध्यक्षांना वेगळीच शंका होती. "म्हणजे हिने हे सगळं पाठ केलंय? तीन हजार शब्द?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि सुरू केलं. प्युरिटनांपासून निघाली ती युद्धापर्यंत आली, वाक्यं सपासप पडत होती, स्वल्पविरामाला बरोबर थांबत होती. तिथे अध्यक्षांनी हात वर केला. "पुरे, पुरे. मला माझी स्वतःची पुस्तकंसुद्धा एवढी येत नाहीत." मग त्यांनी विचारलं, "आणि यातलं तुला काय पटतं?"

वैशालीने डोळे उघडले. प्रश्नच समजला नसावा असं आधी वाटलं. मग हळूच म्हणाली, "मला? माहीत नाही."

निकाल असा लागला की फसवण्याचा हेतू दिसत नाही, म्हणून रजिस्टरमध्ये नोंद नाही. पण निबंध बाद. दोन आठवड्यांत नवा लिहायचा, तोही कुठल्याही नोट्स न वापरता. तो रॉबिन तपासणार, मी फक्त मार्गदर्शन करायचं. तो नापास झाला तर विषय नापास आणि ट्रेनिंग आणखी एक वर्ष लांब. बाहेर पडताना रॉबिन मला म्हणाली, "लेक्चर्सचं नंतर बोलू." ते नंतर तीन आठवड्यांनी आलं. लेक्चर्स मलाच मिळाली, रॉबिन रजेवरून परतल्यावरही २०१९ पर्यंत मीच घेतली, आणि मंजुरीच्या पत्राखाली रॉबिनने हाताने लिहिलं होतं, डिक्टेशन बंद.

वैशालीचे पहिले चार दिवस कोरे गेले. माझ्या खोलीत येऊन ती कागद पुढे ठेवायची. "मॅडम, मला माझं मतच सापडत नाही. तुम्हीच थोडं सांगा ना, मी त्यातून घेते." सांगायचा मोह मला किती झाला, ते शिक्षकांनाच कळेल. अख्खा निबंध जिभेवर होता. मी जीभ आवरली आणि विचारलं, "पुस्तकं राहू दे. दिवसभर रेस्ट होममध्ये काय ऐकतेस?"

ती म्हणाली, टेड नावाचे नव्वदीचे आजोबा आहेत, आयुष्यभर गायी पाळल्या. रोज तिला त्यांच्या शेताची गोष्ट सांगतात. एखाद्या दिवशी ते शेत म्हणजे स्वर्ग, धुकं, टेकड्या, पहाटेचा उजेड. दुसऱ्या दिवशी तेच शेत म्हणजे गुडघाभर चिखल, मेलेलं वासरू आणि न बोलणारी बायको. "आणि कधी कधी मॅडम, एकाच सकाळी दोन्ही. अंघोळ घालताना स्वर्ग, नाश्त्याला चिखल."

"मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली आणि गेली.

मुदतीच्या दोन दिवस आधी ती कच्चा निबंध घेऊन आली. इंग्रजी खडबडीत होतं, एक वाक्य उभं तर दुसरं आडवं. मी वाचत असताना ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. संपल्यावर मी म्हणाले की चांगला आहे, फक्त मधला भाग जरा सांभाळायला हवा, कारण तिथे तिने रोमँटिक आणि रिॲलिस्ट एकमेकांत मिसळले आहेत.

"मिसळलेले नाहीत, मॅडम. मला तेच म्हणायचंय. तुमचं ते डोंगर उतरण्याचं वाक्य मला पटत नाही."

मी चष्मा काढला. "का?"

"कुणी उतरलंच नाही. तोच माणूस सकाळी डोंगरावर असतो आणि दुपारी स्वयंपाकघरात. आपण गोष्टी वाचल्या ना, त्यांतही तसंच आहे. युद्धाच्या आधीच्या गोष्टीत जहाजावरच्या कामाचं सगळं बारीक वर्णन येतं, ते रिॲलिझमच्या खणात का नाही? आणि युद्धानंतरची ती नदीवरची गोष्ट, तिच्यात पहाट किती सुंदर आहे. खण शिकवणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत. लिहिणाऱ्याला माहीत नव्हते."

मी यादवी युद्धाचा मुद्दा काढला. ती म्हणाली, युद्धाने माणसं बदलली असतील, पण एका रात्रीत नाही. मी छापखाने आणि मासिकं पुढे केली, वाचक बदलला म्हणून सांगितलं. त्यावर ती अडली, वही उघडली, दोन उतारे शोधले आणि परत आली. तिचा आवाज चढला होता, माझाही चढला. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी डोकावून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. आम्ही दोघींनी एकदम हो म्हणून त्यांना वाटेला लावलं. तासाभराने माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही. तिचं बरोबर होतं.

"बदलू नकोस," मी म्हणाले. "असाच दे."

रॉबिनने त्याला बी प्लस दिला. वैशाली आज टौरंगाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. पण मला ती आठवते त्या दुपारची, वही छातीशी धरून, लाल झालेल्या चेहऱ्याने दारात उभी असलेली. "सॉरी मॅडम, जास्त बोलले," असं म्हणून ती गेली आणि मी दार लावून बसून राहिले. पुण्यात बावीस वर्षांत माझ्याशी असं कुणीही भांडलं नव्हतं. एकही मुलगा, एकही मुलगी. मी इतकं पक्कं शिकवते की शंकेला जागाच राहत नाही, असं मी समजत होते.